एकेचाळीस घरांची हजेरी

निर्मळमध्ये नुसतं 'टीचर' म्हटलं की व्हेरोनिका लोपीस. गावात शिक्षिकांचा तोटा नाही, प्रत्येक दुसऱ्या घरात एक निघेल. पण बाकीच्यांना नाव लावावं लागतं, हिला लागत नाही. चौतीस वर्षं मराठी शाळेत इंग्रजी शिकवून ती निवृत्त झाली त्याला आता नऊ वर्षं होतील, तरी अजून भाजीवाला तिच्यासमोर वांगी तोलताना इंग्रजी शब्द काढायला कचरतो. चुकलं तर ती रागावत नाही. बरोबर काय ते सांगते, मग ते कुठून आलं तेही सांगते, आणि तेवढ्यात मागची गिऱ्हाइकं दुसरीकडे निघून जातात.

या बाईला विसाव्या वर्षापर्यंत इंग्रजीची धडकी भरायची, असं सांगितलं तर कोणाला खरं वाटणार नाही. पण ती मराठी शाळेत शिकलेली, घरात बोलणं गावच्या बोलीचं, आणि कॉलेजात शेजारच्या बाकावर कॉन्व्हेंटच्या मुली. एकदा सर म्हणाले, अमक्याने त्या प्रकरणातून 'वॉश्ड हिज हँड्स'. वर्ग हसला. व्हेरोनिकाने भोळेपणाने विचारलं, सर, हात कशाला धुतले? वर्ग आणखी हसला. सर बिचारे भले होते. म्हणाले, मत्तयचं शुभवर्तमान उघडून बघ. पिलाताने लोकांसमोर पाणी मागवलं, हात धुतले आणि म्हणाला, या माणसाच्या रक्ताबाबत मी निर्दोष आहे.

हे तर ती दर वर्षी ऐकत होती. पवित्र सप्ताहात, मराठीत, उभं राहून, पाय दुखेपर्यंत. त्या दिवशी बसमधून घरी येताना तिला आनंद व्हायला हवा होता, पण झाला राग. हे सगळं आपल्याच घरातलं, आणि आपल्यालाच दारात उभं करून ठेवलं होतं!

त्या रागातून वही सुरू झाली. शाळेत नोकरी लागल्यावर कपाटात पडलेलं एक कोरं हजेरीपुस्तक तिला मिळालं, लांबट, जाड पुठ्ठ्याचं. डावीकडे मुलांच्या नावांचा रकाना असतो, तिथे ती इंग्रजी वाक्प्रचार लिही. मधल्या चौकटींच्या रेघांवरूनच त्याचं मूळ. 'द रायटिंग ऑन द वॉल', म्हणजे दानिएलाच्या पुस्तकातला तो राजा, त्याची मेजवानी आणि भिंतीवर लिहिणारा हात. 'फीट ऑफ क्ले', तेही दानिएलातलं. सोन्याच्या डोक्याचा पुतळा आणि पायात माती. 'रेड टेप', जुन्या काळी विलायतेत सरकारी आणि कोर्टाचे कागद तांबड्या फितीने बांधत त्यावरून. आपण त्याची लालफीत केली आणि तलाठ्याच्या टेबलावर ठेवली.

मूळ सापडलं नाही तर ती स्वच्छ लिही, 'ठाऊक नाही'. 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज'पुढे तर तिने लिहिलं होतं, 'ठाऊक नाही. कोणालाच नाही. ठाऊक आहे असं जो सांगेल त्याच्यापासून दूर राहावं.' वहीचा हा पहिला नियम होता. माहीत नसेल तर नाही म्हणायचं.

दुसरा नियम उजवीकडच्या रकान्याचा. तिथे माणसांची नावं. कारण व्हेरोनिकाला लवकरच कळलं, की पोरांच्या डोक्यात इंग्रजी म्हण नुसती उतरत नाही. तिला गावातलं जोडीदार वाक्य शोधून द्यावं लागतं. मग ती घरोघर विचारत फिरे. ज्याने वाक्य दिलं, त्याचं नाव आणि गाव रकान्यात. नायगावच्या मिठागरातला शंकर हा त्यातलाच. 'सॉल्ट ऑफ द अर्थ' म्हणजे ज्यांच्यामुळे जगाला चव आहे अशी साधी, सच्ची माणसं, हे तिने त्याला समजावलं. पायाला खारट चिखल लागलेला शंकर म्हणाला, "मीठ पान्यातनंच येतं टीचर, पन परत पान्यात टाकलं का नाय ऱ्हात. मानसाचं बी तसंच हाय. जिथनं आला तिथंच इरघळतो." तिने ते जसंच्या तसं लिहिलं आणि पुढे शंकरचं नाव घातलं. शंकरने नाव कसं दिसतं ते बघायला वही हातात घेतली, आणि आधी हात धोतराला पुसले.

असं करत तीनशेच्या वर वाक्प्रचार झाले आणि माणसं झाली एकेचाळीस. प्रत्येकाला तिने एकच शब्द दिला होता. कधी छापलं, तर तुमचं नाव छापीन.

यात सगळ्यात जवळची म्हणजे द्वारका. कुंपणापलीकडची. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन आल्या, एक चर्चमधून, एक मांडवातून. द्वारकाची वाडी फुलांची आणि केळीची. तिला अक्षर एक येत नाही, अंगठा लावते. पण व्हेरोनिकाने 'निप इट इन द बड' समजावून सांगितलं तेव्हा द्वारकाने तिची चांगली हजेरी घेतली होती.

"कळी खुडली म्हणजे वाईट गोष्ट मोडली, असं बोलतात तुझे इंग्रज? आमचं पोट कळीवर चालतं. उमललेला मोगरा कोण घेतो? ज्याला मोगरा ठाऊक नाय त्याने केलेली म्हण हाय ही."

"मग तुझी कुठली?"

द्वारका क्षणभर केळीकडे बघत राहिली. "केळीच्या बुंध्याशी पिलं फुटतात. दिसायला गोड, काढवत नाय. पण वेळेत नाय काढलं तर तेच आईचं खातं आणि घड बारीक पडतो. तसं लिव."

तसं लिहिलं. पुढे नाव, द्वारका पाटील, निर्मळ. त्या दिवसापासून द्वारका गावभर सांगायची, की टीचरच्या इंग्रजी पुस्तकात माझं वाक्य आहे. पुस्तकाचा पत्ता नव्हता, पण द्वारकाचं वाक्य त्यात ठरलेलं होतं.

आता लविना. लविना ही व्हेरोनिकाच्या मैत्रिणीची, ज्युलीची मुलगी, आणि व्हेरोनिकाची धर्मलेक. बाप्तिस्म्याच्या वेळी पाण्यापाशी व्हेरोनिकानेच तिला हातांवर धरलं होतं. ज्युलीचं कुटुंब नालासोपाऱ्याला, चौथ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत. लविना दर शनिवारी बसने इंग्रजी शिकायला यायची. हुशार, तोंडाची गोड, पाठांतर असं की वही मिटून पान म्हणून दाखवावं.

बाराव्या वर्षी तिने निबंधस्पर्धेत पहिला नंबर काढला. परीक्षकांत व्हेरोनिका होती. निबंध वाचता वाचता तिने पेन खाली ठेवला, कारण तो तिनेच नमुना म्हणून लिहून दिलेला होता, स्वल्पविरामासकट. ती गप्प बसली. पोर आहे, म्हणाली. ज्युलीला कळलं तर मारेल, म्हणाली. क्लेमेंटला, नवऱ्याला, तेवढं सांगितलं. क्लेमेंट कमी बोलणारा माणूस. सायकलची चेन पुसता पुसता म्हणाला, "द्वारकाला विचार पिलाचं काय करतात ते." व्हेरोनिकाने ते हसण्यावारी नेलं.

लविना मोठी झाली. नालासोपाऱ्यात तिने इंग्रजी बोलायला शिकवण्याचा क्लास काढला, मग मोबाइलवर व्हिडिओ टाकू लागली. दोन मिनिटांत एक वाक्प्रचार. हजारोंनी लोक बघू लागले. व्हेरोनिकाही बघायची आणि खूश व्हायची. वाक्यं ओळखीची वाटली तर आणखी खूश व्हायची. वेडी बाई.

मग दीड वर्षापूर्वी एका रविवारी लविना केक घेऊन आली. एका प्रकाशकाने तिला पुस्तक मागितलं होतं.

"मावशी, तुझी हजेरी काढ बाहेर. आता आपलं पुस्तक करायचं."

'आपलं' या शब्दावर व्हेरोनिका विरघळली. तिने वही जुन्या उशीच्या अभ्र्यात गुंडाळून दिली. उजवीकडचा रकाना दाखवून म्हणाली, "हा सोडू नकोस. एक वेळ माझं नाव राहिलं तरी चालेल, यांची नावं राहता कामा नयेत."

"मावशी, तू सांगायला हवं का," लविना म्हणाली.

ती गेल्यावर क्लेमेंटने विचारलं, "काही लिहून घेतलंस?"

"धर्मलेकीकडून लिहून घेऊ? हातांवर धरली होती मी तिला."

"तेव्हा ती रडत होती," क्लेमेंट म्हणाला. "आज हसत होती. फरक असतो."

व्हेरोनिका दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही.

पुस्तक झालं. मधल्या काळात लविनाचे फोन आधी आठवड्याला, मग महिन्याला आणि मग बंद. कामात असेल, असं व्हेरोनिकाने स्वतःला समजावलं. प्रकाशनाचा निरोप आला तो मोबाइलवर, चित्रासकट. ऑक्टोबरातला रविवार, मिस्साची प्रार्थना झाल्यावर, चर्चच्या हॉलमध्ये. व्हेरोनिकाने ते चित्र कोणालाच पाठवलं नाही. इकडे आवतण फोनवर देत नाहीत. लग्न असो, बाप्तिस्मा असो, घरी जायचं, अंगणात उभं राहायचं, घरातल्या मोठ्या माणसाचं नाव घेऊन सांगायचं. एक घर सुटलं तर ते घर नातवंडांपर्यंत लक्षात ठेवतं. आणि आलेल्याला पाणी विचारल्याशिवाय परत पाठवत नाहीत. पाणी विचारलं नाही, तर शब्द कानांनी घेतला, मनाने नाही, असं समजायचं.

एकेचाळीस घरं. सातजण मरून गेले होते, तरी त्यांची घरं होतीच. सदुसष्टाव्या वर्षी व्हेरोनिका पायी, रिक्षाने, नायगावला बसने फिरली. प्रत्येक अंगणात उभी राहिली. "शंकर, पुस्तक छापलं. तुझं नाव आहे. यायचं." प्रत्येक घरी पाणी प्यायली. संध्याकाळी क्लेमेंट म्हणाला, "पोटात विहीर घेऊन आलीस."

हॉलमध्ये त्यातले पंधरा-सोळा जण आले. मागच्या खुर्च्यांवर, इस्तरीच्या कपड्यांत. द्वारकाने रेशमी साडी नेसली होती, नात अक्षयाच्या लग्नासाठी ठेवलेली. अक्षया अजून नववीत आहे. व्हेरोनिकाला पुढच्या रांगेत बसवलं. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर लविनाचा हसरा फोटो होता. व्हेरोनिकाने पुस्तक हातात घेतलं आणि, शिक्षिकेची सवय, आधी मागून उघडलं. नावं शेवटी असतात पुष्कळदा. मागे क्लासची जाहिरात होती. मग पुढून उघडलं. तिथे एक ओळ: 'माझ्या सर्व शिक्षकांना.' मग मधलं एक पान. मग दुसरं. शंकरचं मीठ होतं, शंकर नव्हता. तिने इतकी पानं इतक्या घाईने उलटली, की शेजारच्या बाईंनी तिच्याकडे वळून पाहिलं.

एक्क्याऐंशीव्या पानावर द्वारकाची केळ सापडली. 'लहानपणी आजोळच्या वाडीत मी पाहायचे, केळीच्या बुंध्याशी पिलं फुटायची. दिसायला गोड, काढवत नाहीत...'

लविनाचं आजोळ कुर्ल्याला, चाळीत. तिथे केळ फक्त गाडीवर असते.

नाव खाल्लं, त्याचं एक दुःख असतं. पण दुसऱ्या बाईचं उभं आयुष्य, तिची वाडी, तिचे वाकून दुखलेले गुडघे 'मी' म्हणून स्वतःच्या लहानपणात लावून टाकायचे, याला काय म्हणावं? मराठीत आहे म्हणायला. केसाने गळा कापला. व्हेरोनिकाला तेवढंच आठवलं. तिच्या तीनशे इंग्रजी वाक्प्रचारांतलं एकही नाही.

लविनाने तिला मंचावर बोलावलं. "या माझ्या लहानपणीच्या टीचर. एबीसीडी मी यांच्याकडे शिकले." टाळ्या पडल्या. फुलांचा गुच्छ दिला. माइक पुढे केला. "दोन शब्द बोला ना."

बोलायला हवं होतं. हे तिने नंतर स्वतःला शंभरदा सांगितलं. पण समोर मागच्या रांगेत ते पंधरा-सोळा जण सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होते. शंकर तर उभा राहिला होता. आपल्याच घरचं कार्य असल्यासारखे त्यांचे चेहरे फुलले होते. व्हेरोनिका माइकमध्ये म्हणाली, "अभिनंदन." आणि खाली उतरली.

बाहेर मंडपात सामोसे वाटत होते. द्वारका विकत घेतलेलं पुस्तक छातीशी धरून आली.

"दाखव गो. माझं नाव कुठं हाय?"

व्हेरोनिकाने एक्क्याऐंशीवं पान उघडलं. एका ओळीवर बोट ठेवलं. "हे."

द्वारकाने आपलं बोट त्याच जागी ठेवलं. केळीच्या चिकाने काळं पडलेलं बोट. हळूच, ओल्या रंगाला लावावं तसं. "खाली निर्मळ लिवलंय?"

"लिहिलंय."

द्वारकाने साडीच्या ओच्यातून केळीच्या सोपटाची दोरी काढली, फुलं बांधायची, आणि खूण म्हणून त्या पानात घातली.

घरी आल्यावर व्हेरोनिकाने फोन लावला. लविनाने तिसऱ्या दिवशी उचलला.

"मावशी, नावं प्रकाशकाने काढली गं. पानं वाढत होती. माझ्या हातात काही नव्हतं."

"आणि आजोळ? तेही प्रकाशकाने घातलं?"

पलीकडे लविनाने आधी कोणाला तरी 'बसा, आलेच' म्हटलं. मग, "मावशी, आजकाल असंच लिहितात. पर्सनल टच लागतो. आणि तू तरी कुठून आणलंस? लोकांचंच ना ते?"

"लोकांचंच. म्हणून तर त्यांची नावं होती."

"बरं, माझा क्लास सुरू होतोय. आपण बोलू या."

फोन ठेवून व्हेरोनिका पुस्तक चाळत बसली. पिलाताचं पान होतं, तिच्याच शब्दांत, शेवटच्या वाक्यासकट. 'जो चारचौघांत हात धुतो, त्याच्याच हातात सगळं असतं.' हे वाक्य क्लेमेंटचं. एका गुड फ्रायडेला चर्चमधून परतताना तो बोलला होता, वर्षभरात बोललेल्या मोजक्या वाक्यांतलं एक. आणि 'कॅट्स अँड डॉग्ज'चं पान? तिथे 'ठाऊक नाही' नव्हतं. जुन्या काळी विलायतेत गवती छपरांवर कुत्री-मांजरं झोपत, पाऊस आला की घसरून खाली पडत, असं ठणकावून लिहिलं होतं. व्हेरोनिकाने पुस्तक मिटलं. आयत्या बिळावर नागोबा बसला तर बसू दे, पण त्याने बीळही नासवलं.

वही परत मागायचं तिने ठरवलं. निरोप पाठवला. आठ दिवसांनी उत्तर आलं, की घर बदलताना कुठेतरी गेली, शोधते. ते वाचून ती रडली. पुस्तकाच्या दिवशी रडली नव्हती. क्लेमेंटने चहा करून समोर ठेवला आणि 'मी म्हटलं होतं' हे वाक्य म्हणाला नाही. संसारात एवढं पुष्कळ असतं.

मनातल्या मनात मात्र एक काटा वेगळाच होता. कुंपणापलीकडून द्वारकाचा आवाज यायचा. पाहुणा आला की पुस्तक निघायचं, दोरीचं पान उघडायचं, "हे माझं नाव." व्हेरोनिका तेव्हा आत जायची आणि नळ सोडायची. रोज ठरवायची, आज सांगू. रोज वाटायचं, त्या म्हातारीचा आनंद कशाला मोडा. दयाच होती ती, असं ती स्वतःला सांगायची. लाज होती हे कबूल करायला तिला दुसऱ्याच कोणाची गरज लागली.

कार्तिकातली निर्मळची जत्रा आली. द्वारकाकडे माहेरची माणसं उतरली, भाचे, सुना, सतरा-अठरा जणांची पंगत. जेवणं झाल्यावर पुस्तक निघालंच. या वेळी द्वारकाला हौस आली. अक्षयाला हाक मारली. "वाच मोठ्याने. माझं नाव येईल तिथं थांब."

अक्षयाने वाचलं. आजोळ आलं, पिलं आली, घड आला. पान संपलं. ती थांबली नाही, कारण थांबायला जागाच आली नाही. मग तिने पुन्हा वाचलं, मनात. मग म्हणाली, "आजी, यात तुझं नाव नाहीये." एक सून हसली. वाईट मनाची नव्हती, पण हसली.

दुसऱ्या दिवशी दुपारी, माणसं जत्रेला गेल्यावर, द्वारका कुंपणाच्या फटीतून आली. चाळीस वर्षं ती तिथूनच येते. आज ओट्यावर बसली नाही. पुस्तक व्हेरोनिकाच्या मांडीवर ठेवलं.

"वाच. तू बोट ठेवलं होतंस तिथलं."

व्हेरोनिकाने वाचलं. आवाज तिच्या वर्गातला नव्हता.

"यातली 'मी' कोण?"

"लविना."

"तिला वाडी हाय?"

"नाही."

द्वारकाने मान हलवली. "तिनं तुला फसवलं. अक्षयाने वाचलं तेव्हाच मला कळलं. खरं सांगू? मला राग नाय आला. तुझंच वाईट वाटलं. इतकी वर्षं लिवत होतीस. रात्रभर मग दुसरंच डोक्यात. लविना नालासोपाऱ्याची. तिला मी काय ठाऊक? पण तू गो? मला वाचता येत नाय म्हणून तू बोट कुठं पण ठेवलंस."

"द्वारका, तुला वाईट वाटेल म्हणून..."

"वाईट मला कालपण वाटलं. सतरा माणसांत." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "तुझ्या वहीत ठाऊक नाय तिथं ठाऊक नाय लिवायचीस तू. मला किती वेळा सांगितलंस ते. मला तेवढं पण नाय?"

ती गेली. पुस्तक मांडीवरच राहिलं, दोरी पानात.

व्हेरोनिका उजेड उतरेपर्यंत तशीच बसली. लविनाचा राग तिला सोपा वाटत होता. तो उचलून चारचौघांत दाखवता येत होता. हा दुसरा कुठे ठेवावा हे कळत नव्हतं. ज्या पोरीने माझा गळा कापला, तिचंच हत्यार मी उचललं, आणि कोणावर चालवलं? जिच्याकडे एक अक्षर नाही, तिच्यावर. आणि बाकीची चाळीस घरं अजून समजून आहेत, की आपलं नाव छापलं गेलंय. त्यांच्या घरीही एखादी अक्षया असेल. तिच्या तोंडून त्यांनी ऐकावं?

वही गेली होती. पण चौतीस वर्षं हजेरी घेतलेल्या बाईला नावं पाठ असतात. जेवण झाल्यावर तिने कागद घेतला आणि न अडखळता एकेचाळीस नावं लिहिली.

सकाळी साडेसातला तिने चप्पल घातली. क्लेमेंट म्हणाला, "सायकल काढू?"

"नको. आवतण माझं होतं."

द्वारकाकडे ती कुंपणाच्या फटीतून गेली नाही. रस्त्याने वळसा घालून, फाटकातून, पुढच्या अंगणात जाऊन उभी राहिली. द्वारका ओट्यावर झेंडूची फुलं निवडत होती. तिने वर पाहिलं आणि पुन्हा फुलांत हात घातला.

व्हेरोनिकाने चपला काढल्या. नाव घेतलं, घ्यायचं तसं, पुरं.

"द्वारका पाटील, निर्मळ. पुस्तक छापलं, पण त्यात तुझं नाव नाही. वाक्य तुझं आहे. नाव आहे असं मी तुला खोटं सांगितलं."

द्वारकाने दोन-तीन फुलं बाजूला टाकली, किडकी असावीत.

"ऐकलं," ती म्हणाली.

व्हेरोनिका थोडा वेळ उभी राहिली. मग चपला घातल्या आणि कागदाची घडी उघडून पुढचं नाव पाहिलं. फाटकापर्यंत पोचली तेव्हा मागून आवाज आला.

"शंकरकडे जाशील तर दुपारच्या आत जा. तो जेवला का झोपतो."

"बरं," व्हेरोनिका म्हणाली. फाटक ओढून घेतलं आणि रस्त्याला लागली. चाळीस घरं बाकी होती. द्वारकाने पाणी विचारलं नव्हतं.